दुर्बिणीला मोटर

इंदिरानगर, नाशिक
२ डिसेंबर २०२४

प्रिय गोरक्ष,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायची सवय नाही, म्हणून चिठ्ठी लिहितोय. बहिरूचा टेम्पो सकाळी तुमच्याकडची फुलं घेऊन नाशकात येतो आणि दुपारी रिकामा दिंडोरीला परत जातो. त्याला सांगून ठेवलंय. यापुढे जे काही द्यायचं-घ्यायचं असेल ते त्याच्याकडे देत जा.

शुभांगीच्या दहाव्यानंतर आपण दोघं बोललेलो नाही. तीन महिने होत आले. तू तिचा पाठचा भाऊ, मी तिचा नवरा, आणि गंगेवरून आपण दोन दिशांना निघून गेलो ते गेलोच. तुझं काय बिनसलं ते मी विचारलं नाही. विचारायची ताकदही नव्हती.

तो दिवस मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. पिंड ठेवून आपण सगळे लांब उभे होतो आणि कावळा शिवेना. पलीकडच्या भिंतीवर ओळीनं बसले होते, एकही खाली उतरत नव्हता. तू पुढे होऊन शब्द दिलास, आईला शेवटपर्यंत सांभाळीन. नाही आला. आईंनी काय काय कबूल केलं, तरी नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'शुभांगी, दुर्बिणीला मोटर बसवतो.' मागे कोणीतरी हसलं. आणि कावळा आला.

तिनं हेच का मागितलं असेल ते मला लगेच कळलं. शनिवारी संध्याकाळी कॉलनीतली माणसं आमच्या गच्चीवर तारे बघायला यायची. मी बडबड करायचो आणि ती दुर्बिणीशेजारी उभी राहून नॉब फिरवत राहायची. पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीत धरलेला तारा बघता बघता कडेला जातो आणि दिसेनासा होतो. नॉब सावकाश फिरवत राहिलं तरच तो मधोमध टिकतो. ते काम तिचं. 'एक तर मोटर आणा नाहीतर सवत आणा, माझं मनगट गेलं,' असं ती सगळ्यांसमोर म्हणायची.

तर मोटर बसवायची आहे. मोटर एका जुन्या झेरॉक्स मशीनमधली मिळाली, तिचं सर्किट मी करतो. पण तिचा वेग दुर्बिणीपर्यंत पोचता पोचता इतका कमी व्हायला हवा की शाफ्ट दिवसभरात एकच फेरी घेईल. त्यासाठी थाळीएवढं दात्यांचं चाक आणि त्यात अडकून फिरणारा आट्यांचा दांडा लागतो. तुम्ही त्याला वर्म म्हणता. विकतचं माझ्या स्टँडला बसत नाही. तुझ्याकडे लेथ आहे. ड्रॉइंग सोबत जोडलंय. करशील का?

आईंना नमस्कार सांग.

तुझा
ज्ञानेश


दिंडोरी
७ डिसेंबर

दाजींना गोरक्षचा रामराम.

चिठ्ठी पोचली. ड्रॉइंग पाहिलं. कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर जन्म घालवला तुम्ही, पण आकडे एवढे बारीक काढता की दोन चष्मे लावावे लागले. पुढच्या वेळी जरा मोठं काढा.

काय बिनसलं विचारता, तर सांगतो. सख्खा भाऊ मी. गंगेवर सगळ्यांपुढं घसा फोडून शब्द दिला, तर कावळ्यानं माझ्याकडं मान वळवली नाय. तुम्ही मोटर म्हणले अन् लगेच हजर. घरी येऊन आईला म्हटलं, बघ, आक्काला माहेरापेक्षा दुर्बीण जवळची झाली. लय लागलं मला. तुमच्यावर राग नाय आता. पण होता, खोटं कशाला लिहू.

सध्या द्राक्षाच्या फवारण्या चालू हायेत. दारात ब्लोअरची रांग लागली हाय अन् जो तो म्हणतो माझाच आधी दुरुस्त कर. लागू द्या रांग. हे काम आक्काचं हाय, हे आधी. पहिलं चाक नायलॉनचं करतो. लेथवर आटे पाडायचा टॅप फिरता ठेवून त्यावर चकती दाबत गेलं की दाते आपोआप पडत जातात. बाजारातल्या गिअरइतकं गुळगुळीत नाय होणार, पण चालंल.

आई रोज सकाळी विचारती, झाली का मोटर. तिचं म्हणणं, शब्द पुरा होत नाय तोवर लेक गंगेवरच थांबलेली असंल, पुढं जायची नाय. मी म्हातारीला काय समजावू? खरं सांगायचं तर मलाबी तसंच वाटतं. तेव्हा लवकर उरकू.

तुमचा
गोरक्ष


इंदिरानगर
२४ डिसेंबर

प्रिय गोरक्ष,

चाक आणि वर्म मिळाले. मेहनत दिसते. पण बसत नाहीये. एका जागी आल्यावर वर्म अडकतो आणि पुढे दोन दात्यांमध्ये फार खेळ राहतो. तारा अशानं उड्या मारेल. परत पाठवतोय, वाईट वाटून घेऊ नकोस. घाई करू नकोस, तुझी फवारणीची कामं होऊ देत.

एक विनंती. नवीन चाक करताना जुना नॉब काढावा लागेल असं काही करू नकोस. नॉब राहू दे.

आणि एक विचारायचं होतं. परवा संध्याकाळी गुरू लावला होता. तेवढ्यात खाली दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून धावलो. गॅस बंद केला, ओटा पुसला, शेजारच्या भागीबाई दारात भेटल्या त्यांच्याशी बोललो आणि वर आलो. दुर्बिणीला डोळा लावला तर गुरू मधोमध. तो केव्हाच निघून जायला हवा होता. वर कोणी नव्हतं. गच्चीच्या दाराची किल्ली माझ्या खिशात होती.

यंत्राच्या दृष्टीनं असं कशामुळे होऊ शकतं?

ज्ञानेश


दिंडोरी
३० डिसेंबर

दाजींना रामराम.

कशामुळं होतं विचारता? तुमची नळी एका अंगाला जड झाली असंल. शाफ्टचा नट सैल झाला की वजनानं दुर्बीण आपोआप हळूहळू कलती. ती कलायला अन् तारा सरकायला एकच गाठ पडली, बस. आमच्याकडं ट्रॅक्टरची ट्रॉली अशीच उतारानं चालत जाती अन् माणसं म्हणतात भूत हाय. नट आवळा, नळीच्या मागं वजन बांधा.

दुसरं चाक ॲल्युमिनियमचं केलं. वर्म घासून गुळगुळीत केला, तेल लावून मीच हातानं फिरवून बघितला, लोण्यासारखा चालतो. नॉब ठेवला हाय. मोटर खालच्या चाकाला फिरवील अन् नॉब त्याच्यावर वेगळा बसंल, म्हणजे मोटर चालू असतानाबी हातानं पुढंमागं करता येईल. खरं म्हणजे मोटर लागल्यावर नॉबला हात लावायची गरजच नाय. पण तुम्ही म्हणता तर राहू द्या.

आता बसवून टाका. आईला म्हटलं, संक्रांतीपर्यंत होईल.

गोरक्ष


इंदिरानगर
१५ जानेवारी २०२५

प्रिय गोरक्ष,

संक्रांत झाली. यंदा आपल्याला सण नाही, तरी भागीबाई तिळगूळ देऊन गेल्या. खाल्ला नाही, डब्यात ठेवलाय.

दुसरं चाकही चालत नाही. वर्मचे आटे एका बाजूला कमी पडतात. सोबत पाठवतोय, बघ.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. नळी दोन्ही बाजूंनी तोलली, कुठेही सोडली तरी जागची हलत नाही. नट पान्यानं आवळला. तरी होतंय. आता रोज होतंय, म्हणून तुला नीट लिहितो. मी डोळा लावून बघत उभा राहिलो तर तारा रीतसर कडेला जातो आणि निघून जातो. मी पाठ करून खुर्चीवर बसलो तर राहतो. पाहिजे तितका वेळ बसावं, वळून बघितलं की तारा मधोमध. काल व्याधाचा तारा लावून मी तिकडे पाठ करून पूर्ण चहा प्यालो. एकदा नॉबचा आवाजही आला. जुन्या नॉबला एका जागी बारीक टक् होतं, ते तुला आठवत असेल.

मी घाबरलेलो नाही. उलट बरेच दिवसांनी नीट जेवायला लागलोय. कारखान्यातून थेट घरी येतो, ढग नाहीत ना ते बघतो आणि वर जातो. कोणाला बोललो नाही, तुलाच सांगतोय.

चाकाची घाई नाही.

ज्ञानेश


दिंडोरी
१९ जानेवारी

दाजी,

रामराम लिहायचं मन नाय.

वर्म परत आला तो मी भिंगाखाली धरला. आटे कमी पडले नायत, कमी केले गेले. कानशीचे वळ ताजे हायेत. मी फिनिशिंग पॉलिश पेपरनं करतो, माझ्या वर्मला कानस लागत नाय. मग नायलॉनचं चाक काढलं, तेबी बघितलं. ज्या जागी अडकत होतं तिथल्या दात्याचा पटाशीनं टवका उडवलेला. म्हणजे मी इथं ब्लोअरवाल्यांच्या शिव्या खाऊन चाकं करतो अन् तुम्ही तिकडं बसून ती बिघडवता.

मला आधी वाटलं, माणूस एकटा हाय, डोकं फिरलं असंल. मग चिठ्ठी परत वाचली अन् समजलं. तुम्हाला मोटर बसवायचीच नाय. मोटर बसली की शब्द पुरा झाला, शब्द पुरा झाला की आक्का निघाली. ती निघू नये म्हणून चाललंय हे सगळं.

सोबत पाहिजे तुम्हाला, कळतं. ते भूत हाय का नट सैल हाय, मला माहीत नाय. पण आक्का खरंच तिथं असंल तर ती अडकली म्हणून हाय. तुमच्या शब्दावर ती पिंडापासून उठली. आता तुम्हीच तिला ताटकळत ठेवायचं? आईला मी काय बोललो नाय, तिनं माझं तोंड बघूनच ओळखलं. दोन दिवस जेवली नाय म्हातारी. म्हणती, जावई चांगला हाय पण माझ्या लेकीला वाट देईना.

अन् मला काय वाटत नाय होय? मलाबी वाटतं एकदा यावं, तुमच्या गच्चीवर पाठ करून बसावं. म्हणूनच येत नाय मी तुमच्याकडं.

तिसरं चाक करायचं का नाय ते तुम्ही लिहा. नाय लिहिलं तर मी समजून घेईन अन् परत विचारणार नाय.

गोरक्ष


इंदिरानगर
२३ फेब्रुवारी

प्रिय गोरक्ष,

महिनाभर तुझ्या चिठ्ठीला उत्तर दिलं नाही. तू म्हणालास ते सगळं खरं आहे. कानस माझीच.

मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. आत्ता तारा मधोमध राहिला तर मला कळतं की तो तिनं ठेवला. मोटर बसली की तारा तसाही मधोमध राहणार. मग ती आहे की नाही, मला कसं कळणार? वर्षानुवर्षं मी शेजारी उभा राहून लोकांना शनीची कडी दाखवली आणि तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता बघायचं तर ती पाठ केल्याशिवाय येत नाही. म्हणून चाललंय तसं चालू दे म्हणालो. रोज तासन्‌तास बसत होतो. शनिवारी कॉलनीतली माणसं विचारायला आली तर दुर्बीण बिघडलीय म्हणून सांगितलं.

मग परवाची गोष्ट. थंडी सरत आली म्हणतात, पण गच्चीवर वारा होता. मी स्वेटर आणि कानटोपी घालून खुर्चीवर बसलो होतो, पाठ दुर्बिणीकडे. नॉबचा टक् आवाज आला. थोड्या वेळानं परत आला. आणि मला एकदम तिचं मनगट आठवलं. शनिवारी माणसं गेली की ती तव्यावर मीठ गरम करायची, फडक्यात बांधायची आणि उजवं मनगट शेकत बसायची. कधी कुरकुर नाही, नुसता तो सवतीचा विनोद. गोरक्ष, मी खुर्चीवर बसलोय आणि ती उभी आहे. रोज. मी जितका वेळ बसतो तितका वेळ ती नॉब फिरवतेय. माझ्या सोबतीसाठी मी तिचा हात दुखवतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी उठलो, दुर्बिणीवर आच्छादन टाकलं आणि खाली येऊन रडलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हापासून वर गेलेलो नाही.

चाक कर. या वेळी बिघडवणार नाही. आईंना सांग, जेवत जा म्हणावं.

तुझा
ज्ञानेश


दिंडोरी
४ मार्च

दाजींना गोरक्षचा रामराम.

तुमची चिठ्ठी आईला वाचून दाखवली. मनगटापर्यंत आलो अन् मला पुढं वाचता येईना. मग तीच म्हणाली, राहू दे, कळलं.

चाक केलं. गनमेटलचं हाय. जुन्या पंपाचं गनमेटल वितळवलं, वाळूत ओतलं, लेथवर छिललं अन् सावकाश दाते पाडले. चार दिवस बाकी कशाला हात लावला नाय. रावजी बागाईतदार दारात येऊन बसला, ब्लोअर दे म्हणाला. त्याला म्हटलं, बहिणीचं काम हाय, थांबावं लागंल. गप उठून गेला. चाकाला आतल्या बाजूनं तिचं नाव कोरावं असं मनात आलं, पण मग वाटलं नको, तिला बांधल्यासारखं होईल. कोरं ठेवलं.

इथं बाकावर माझ्याकडची मोटर लावून पूर्ण दिवस चालवून बघितलं, कोन मापून. वेग बरोबर हाय. वर्मला आधी थोडं तेल द्या, ग्रीस नको, थंडीत घट्ट होतं. चाक बसवल्यावर शाफ्ट ध्रुवाकडं नीट रोखलेला हाय का ते तुम्ही बघा, ते मला कळत नाय.

बसवा अन् कळवा. आम्ही दोघं वाट बघतो.

गोरक्ष


इंदिरानगर
१२ मार्च

प्रिय गोरक्ष,

चाक बसवलं. असा एकही दाता नाही की जिथे हात अडकावा. मी उगीच म्हणत नाही, माझ्या कारखान्यात असं काम बघितलेलं नाही. सर्किट जोडलं, काल संध्याकाळी मोटर चालू केली. अगदी बारीक गुणगुण येते, कान जवळ नेला तरच ऐकू येणारी. व्याध लावला आणि डोळा लावून उभा राहिलो. तारा जागचा हलला नाही. उभा राहून पाय अवघडले, तरी तारा तिथेच. खरंच मोटरनं धरून ठेवला होता. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मग सवयीनं पाठ करून खुर्चीवर बसलो. थोड्या वेळानं उठून बघितलं तर काहीच नाही, नुसता काळोख. शोधला तेव्हा कळलं, दुर्बीण ताऱ्याला मागे टाकून पुढे निघून गेली होती. नेहमी तारा एका कडेनं निसटतो, हा दुसऱ्या कडेनं निसटला. म्हणजे दुर्बीण दुप्पट वेगानं फिरली. परत लावला, समोर उभा राहिलो, तारा स्थिर. परत पाठ केली, परत दुर्बीण पुढे. आज पुन्हा करून बघितलं. तेच.

मी कशालाही हात लावलेला नाही. देवाशपथ सांगतो, कानस पेटीत आहे आणि पेटीला कुलूप आहे. चाकाचा वेग मध्येच दुप्पट होईल असं काही तुझ्या कामात राहून गेलंय का, तेवढं बघशील? मला दुसरं कारण लिहवत नाही.

ज्ञानेश


दिंडोरी
१६ मार्च

दाजींना रामराम.

वाचल्याबरोबर आधी तुमच्यावर संशय आला, ते लिहून टाकतो. मग विचार केला. चाकाचा वेग मध्येच दुप्पट होत नसतो. झाला तर मोटर तापती, वर्मचे आटे तुटतात. तुमचं सर्किटबी तसं करायचं नाय, कारण तुम्ही बघत असलं की सगळं ठीक चालतं. राहिला नॉब. मी तो मोटरपासून वेगळा बसवला होता, तुम्हीच सांगितलं म्हणून. मोटर चाक फिरवती अन् त्याच वेळी कोणी नॉब फिरवला तर दोन्हीची बेरीज होती. म्हणजे बरोबर दुप्पट. हे मी काल लेथपाशी उभं राहून मनात जुळवलं अन् लेथच बंद केला. ब्लोअरवाले म्हणाले, काय झालं मिस्तरी, बसा जरा.

आईला सांगितलं. मला वाटलं म्हातारी रडंल, घाबरंल. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "त्यांनी तिला सांगितलं का?"

मी म्हटलं, काय सांगायचं?

"मोटर बसली म्हणून. ती आपलं काम करती. तिला काय माहीत?"

दाजी, गंगेवर तुम्ही मोठ्यानं म्हणाला होता, बसवतो. बसवल्यावर कोणी तिला बसली म्हणून सांगितलंच नाय. तुम्ही चाक लावलं, तार जोडली अन् खुर्चीवर पाठ करून बसलात. ती बिचारी उभी राहिली असंल नॉब धरून, रोजच्यासारखी.

आईचा निरोप हाय. तोंडानं सांगा, मोठ्यानं, मनातल्या मनात नाय. तिला हात सोडायला सांगा. अन् आमच्या दोघांचं नाव घ्या.

मी यावं असं वाटत असंल तर लिहा. पण हे काम तुमचं एकट्याचं हाय असं आई म्हणती.

गोरक्ष


इंदिरानगर
२० मार्च

प्रिय गोरक्ष,

चार दिवस लागले मला. रोज वर जायचो, मोटर चालू करायचो आणि तोंड उघडायचं नाही. बायकोशी गच्चीवर मोठ्यानं बोलायचं, शेजारी ऐकतील, असलं काहीतरी मनात यायचं. खरं कारण ते नव्हतं.

आज दिवे लागल्यावर गेलो. आभाळ स्वच्छ होतं. व्याध लावला, मोटर चालू केली. दुर्बिणीशेजारी, ती जिथे उभी राहायची तिथे तोंड करून उभा राहिलो आणि म्हणालो, 'शुभांगी, मोटर बसली. गोरक्षनं चाक केलंय, गनमेटलचं. आईंना माहीत आहे. आता आपोआप फिरतं, तुला फिरवावं लागत नाही. हात सोड.' हळू म्हणालो होतो म्हणून परत एकदा मोठ्यानं म्हणालो. मग म्हणालो, 'तू खूप वेळ उभी राहिलीस.'

पाठ केली आणि खुर्चीवर बसलो. खालच्या रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी आली आणि गेली. भागीबाईंकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी वळलो नाही. बराच वेळ गेल्यावर उठून डोळा लावला. तारा मधोमध होता. ना मागे, ना पुढे.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण राहवलं नाही. मोटर बंद केली. परत पाठ केली आणि तितकाच वेळ बसलो.

वळून बघितलं तेव्हा तारा निघून गेला होता.

आईंना सांग, ती गेली.

तुझा
ज्ञानेश